त्रेसष्ट घरांचे गणपती

मला राग आला की मी भांडी आपटत नाही, माती तुडवते. त्या आषाढात गोव्यातल्या लाटंबार्शात, आमच्या गणपतीच्या मूर्तिशाळेत मी इतकी माती तुडवली, की शंभू म्हणाला, "पुरे गे, आपल्याला भिंत बांधायची नाही."

शंभू माझा नवरा. पण शाळा मामंजींची, कृष्णनाथांची. आमच्याकडे प्रत्येक घराचा गणपती ठरलेला. घरचा माणूस आपला पाट आणून देतो आणि त्यावर दरवर्षी तीच मूर्ती बसते. कोणाची लोडाला टेकलेली, कोणाची उंदरावर पाय ठेवलेली. अशी त्रेसष्ट घरं मामंजींच्या डोक्यात होती. अंग शंभू घडवायचा. हात, डोळे, रंग मामंजींचे. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा मी मोबाईल घेऊन बसले. मूर्ती रंगली की व्हिडिओ काढायचा, आणि ते बोलायचे, "ही केरकारांची. नजर जराशी खाली, त्यांचं मखर उंच असतं." तीन चतुर्थ्या आम्ही हे केलं. फाल्गुनात मामंजी गेले.

मोबाईल तर त्याआधीच, शेवटच्या चतुर्थीला, भरला होता. त्यावर औषध सांगितलं गावातल्याच दत्तप्रसादने. साखळीच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मोपाला विमानतळ झाल्यापासून त्याच्या तोंडी सारखं आकाशच. "वैनी, सगळं क्लाउडवर टाकतो. घर जळलं तरी जाणार नाही. आता मोबाईल मोकळा करा." मी शहाणी, केला मोकळा.

पहिला पाट आला तशी मी व्हिडिओ मागायला त्याच्या दुकानात गेले. त्याने बटणं दाबली, पुन्हा दाबली, मग कान खाजवला. सहा महिन्यांची मुदत संपली होती आणि कंपनीने सगळं पुसून टाकलं होतं.

"अकरा नोटिसा आल्यात, वैनी."

"कुठे?"

"तुमच्या ईमेलवर."

"तो काढून दिला कोणी?"

"मी."

"पासवर्ड कोणाकडे?"

तो कीबोर्डवरची धूळ पुसू लागला.

"म्हणजे नोटीस तुझ्याकडेच यायची, वाचायची तूच, आणि चूक माझी?"

"एक कॉपी घरी ठेवायची ना तुम्ही," म्हणतो. मोबाईल मोकळा करायला सांगणारा हाच. चोर तो चोर, वर शिरजोर. परतताना मी बसमध्ये रडले, लपवत नाही. मूर्तीचं एक वेळ काही करता येईल, मामंजींचा आवाज कुठून आणू?

लोकांकडे फोटो होते. पण ते पूजेतले. दूर्वा, हार, वर लोंबणारी फळापानांची माटोळी, त्यात गणपतीचे नुसते कान दिसतात. शंभू ते फोटो बघायचा आणि हात धुऊन बाहेर जाऊन बसायचा. सांगाडे उभे होते, हात कोणालाच नव्हते.

आठवड्याने सुमंगलाकाकी आल्या, दत्तप्रसादची आई. मागून पाट घेऊन तो.

"गे रेश्मा, आमचो गणपती दरवर्सासारखोच कर."

म्हाताऱ्या माणसाला काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्याचं तोंड बघितलं आणि राहवलं नाही. सगळं सांगितलं, अकरा नोटिसांसकट. काकींनी ऐकून घेतलं आणि लेकाकडे वळल्या.

"सांग रे, आपल्या गणपतीच्या उजव्या हातात कितें असता?"

चाळीस वर्षं ज्याच्यापुढे आरत्या म्हटल्या, त्याचा हात त्याला आठवेना. "मोदक?" म्हणाला आणि मोबाईल काढू लागला.

"तो बोल्सांत घाल," काकी म्हणाल्या. त्याने तो खिशात सरकवला.

मग त्यांनी डोळे मिटले. उजवा हात आशीर्वादाचा. मोदक डाव्या हातात. पीतांबर पिकल्या काजूच्या रंगाचा. उंदीर माणसांकडे बघत नाही, देवाकडे बघतो. "आनी उजव्या हाताची करंगळी मात्शी वांकडी," त्या म्हणाल्या.

ती वाकडी करंगळी मामंजींची. लहानपणी मोडली होती आणि तशीच सांधली होती. बारशापासून प्रत्येक लग्नापर्यंत ती करंगळी ह्या लोकांनी पाहिली होती, आणि दर चतुर्थीला पुजलीही होती.

शंभू आत आला, मातीचा गोळा घेऊन बसला. मी पाट उलटा केला, सुताराची पेन्सिल घेतली आणि काकी सांगतील तसं लाकडावर लिहू लागले. उरलेल्या बासष्ट घरांतल्या म्हाताऱ्यांनाही असंच विचारायचं, आणि ज्याचं त्याच्याच पाटाखाली लिहायचं.

दत्तप्रसाद जवळ सरकला. "वैनी, मी टाइप करून घेऊ? ह्या वेळी व्यवस्थित..."

"तू नुसतो पाट धर," काकी म्हणाल्या.

त्याने धरला.