बेंबीपासून घोट्यापर्यंत

तुडतुडीचा बाबा सुतार होता. तोही साधासुधा नाही. जेवायला बसला तरी ताट टेबलाच्या बरोब्बर मधोमध आहे ना, हे आधी बघणार आणि मगच घास उचलणार. "आधी सेंटर, मग बाकी सगळं," असं तो उठता-बसता म्हणायचा. दार असो, कपाट असो, आधी मधोमध पेन्सिलीची रेघ मारायची आणि तिथून दोन्हीकडे मोजायचं.

तुडतुडीचे पायसुद्धा तो असेच मोजायचा. दर तीन महिन्यांनी कामाच्या टेबलावरचा भुसा झटकून तिला उताणं झोपवायचं, टेपचं टोक तिच्या बेंबीवर ठेवायचं आणि घोट्याच्या हाडापर्यंत टेप ताणायची. आधी उजवा पाय, मग डावा.

"बाबा, गुदगुल्या होतायत!"

"हलू नकोस गं. फळीसारखी पड."

"फळी बोलत नाही, बाबा."

"तेच तर सुख असतं फळीचं."

मग दोन पायांतला फरक तो कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने लिहून ठेवायचा. तुडतुडी वीस दिवसांची असताना तिच्या डाव्या खुब्याच्या सांध्यात जंतू शिरले होते आणि आत पू झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो काढला, पण मांडीचं हाड वरच्या टोकाला जिथून वाढतं, नेमकी तीच जागा दुखावली. तेव्हापासून डावा पाय उजव्याच्या मागे मागेच राहिला. डाव्या बुटाच्या तळाला रबराचा जाड थर होता आणि चालताना ती थोडी झुलायची. पण पळायला लागली की कुणाच्या बापाला सापडायची नाही. तिच्या तर नाहीच नाही.

दोन वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "रोजचा व्यायाम चुकवू नका आणि अकरा पूर्ण झाली की या. तेव्हा फरक पाच सेंटिमीटरच्या आत असला, तर छोट्या ऑपरेशनवर भागेल. त्याहून जास्त असला तर हाड कापून, पायाभोवती लोखंडी कड्या बसवून पाय हळूहळू लांबवावा लागेल. सात-आठ महिने त्या कड्या राहतील."

तुडतुडीला अकरा पूर्ण झाली. बाबाने टेप लावली. साडेपाच.

त्याने पुन्हा मोजलं, मग पुन्हा. आई दारात उभी होती. "अहो, तुमची टेपच सैल झाली असेल."

"टेप नवी आहे," बाबा म्हणाला आणि कानामागची पेन्सिल काढून तसाच उभा राहिला. त्याच्याने आकडा लिहवेना. शेवटी तुडतुडीनेच पेन्सिल घेऊन लिहिला. इकडे तिचा जीव टांगणीला लागला होता. कड्या लावलेला पाय वर्गातल्या बाकाखाली जाईल का? आणि पळायचं कसं?

दवाखान्यात आधी खुब्याचा एक्स-रे झाला. मग दुसरा, तोही हाताचा!

"मावशी, चुकताय तुम्ही," तुडतुडी एक्स-रेवालीला म्हणाली. "पाय आखूडाय माझा. हात चांगलाय."

"तुला जास्त कळतं का गं? ठेव पंजा."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बाबाने बसायच्या आधीच आकडा सांगून टाकला. "साडेपाच, मॅडम. तीनदा मोजलंय."

"माझ्यासमोर मोजून दाखवा बरं."

बाबाने खिशातून टेप काढली. बेंबी, घोटा. उजवा, डावा. साडेपाच.

बाई हसल्या नाहीत. "बेंबीपासून का मोजता?"

"सेंटर आहे ना ते."

"सुतार आहात," बाई म्हणाल्या. तो प्रश्न नव्हताच. "लाकडाचं सेंटर जागचं हलत नाही हो. माणसाची कंबर हलते. तिच्या डाव्या मांडीचे स्नायू आखडलेत, म्हणून कंबर त्या बाजूने वर ओढली गेलीये. तुमच्या टेपमध्ये ती ओढही आली. नुसत्या हाडाचं माप इथून घेतात." त्यांनी तुडतुडीच्या कंबरेला पुढच्या बाजूने हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर बोट टेकवलं, तिथून घोट्यापर्यंत टेप धरली आणि तसंच दुसऱ्या बाजूला मोजलं.

"तीन."

"तीन?" बाबाने आ वासला.

"हाड तीनने आखूड आहे. वरचे अडीच आखडलेल्या स्नायूंचे. व्यायाम करते का ही?"

तुडतुडी छताकडे बघायला लागली. दोन वर्षं तिने व्यायामाला साफ ठेंगा दाखवला होता.

"घरी चल तू," आई एवढंच म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

बाईंनी पडद्यावर खुब्याचा एक्स-रे लावला आणि तुडतुडी बसल्या जागेवरून उठलीच. हे तिच्या आत होतं! उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा, लेथवर फिरवून काढल्यासारखा गुळगुळीत. डावीकडचा बुटका, चपटा. पण खोबणीत बसलेला. बाबा नाक टेकेल इतका पडद्याजवळ गेला.

"मॅडम, गोळा वाकडा आहे, तर खोबणही तशीच वाकडी. एकात एक चपखल बसलेत. हे कुणी केलं? त्या ऑपरेशनमध्ये?"

"ऑपरेशनमध्ये फक्त पू काढला होता. हे हिने केलं. रांगता रांगता, चालता चालता, पळता पळता. गोळा जसा झाला, तशी खोबण त्याच्याभोवती घडत गेली."

बाबाने पडद्यावरच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "तीस वर्षं सांधे बसवतोय मी. असा नाही जमला कधी."

तुडतुडीने आपल्या डाव्या खुब्यावर हात ठेवला. आत अकरा वर्षं कारखाना चालू होता आणि मालकिणीला पत्ताच नव्हता!

"गोळा उरला म्हणून हे जमलं," बाई जुना, पिवळा पडलेला केसपेपर उलटत म्हणाल्या. "एवढ्या लहान बाळांना धड तापही येत नाही, त्यामुळे उशीर होतो. आणखी एक दिवस गेला असता, तर गोळाच विरघळला असता. पहिली ओळ ऐका. 'वडील सांगतात, बाळ डावा पाय उजव्यासारखा हलवत नाही.'"

"लंगोट बदलताना किंचाळायची," आई म्हणाली. "मला वाटलं, पोट दुखतंय. हेच म्हणाले, दोन बाजू सारख्या नाहीत, आत्ताच्या आत्ता चल."

बाबा उगाच टेप गुंडाळत बसला. ती कधीच गुंडाळून झाली होती.

मग हाताचा एक्स-रे. मनगटाजवळ छोटी छोटी हाडं आणि त्यांच्या टोकांशी बारीक काळ्या फटी. "या फटी बुजल्या की वाढ थांबते," बाई म्हणाल्या. "यांच्यावरून कळतं पाय अजून किती वाढणार ते. अजून दोन-अडीच वर्षं. तोवर फरक चारच्या आसपास जाईल. म्हणजे कड्या नकोत. उजव्या गुडघ्यापाशी दोन लहान चिरा देऊन तिथल्या अशाच फटी बुजवायच्या आणि चांगल्या पायाला सांगायचं, बाबा रे, जरा थांब. डावा मागून येऊन बराचसा फरक भरून काढेल. तुझी उंची थोडी कमी भरेल, चालेल?"

"पळेल ना?" तुडतुडीने विचारलं.

"व्यायाम केलास तर."

घरी आल्याबरोबर ती टेबलावर जाऊन आडवी झाली, भुसा न झटकताच. बाबाने सवयीने टेपचं टोक बेंबीकडे नेलं. तिने त्याचं बोट पकडून कंबरेच्या हाडावर ठेवलं.

"इथून, बाबा. आणि मोजून झालं की माझा पाय धरून ताण. वीस वेळा. मी मोजते."

बाबाने दारावर साडेपाचच्या शेजारी तीन लिहिलं. साडेपाच मात्र त्याने खोडलं नाही. मग पेन्सिल कानामागे खोचली आणि तिचा डावा पाय दोन्ही हातांत असा धरला, जणू तो दुसऱ्या कुणा फार मोठ्या कारागिराने घडवला होता.

"एक!" तुडतुडी ओरडली.