माझ्या तळावर कोरलेलं नाव

मी एक जुनी मातीची किटली आहे आणि मी रागावलेली आहे.

आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा, मग कष्ट, मग कौतुक आणि शेवटी विनंती, असा रिवाज आहे. मित्रांनो, मी तो पाळायचा प्रयत्न करीन. मध्येच राग उसळला तर तोही सांगेन.

जन्म

चीनमधल्या ई-शिंग गावात जांभळट माती मिळते. ती खाणीतून दगडासारखी निघते. उन्हापावसात मुरवून, दळून, मळून एका बाईने मला घडवलं. चाकावर नाही. तिने लाकडी थापीने मातीच्या पट्ट्या थापल्या, हाताने जोडल्या आणि तळावर स्वतःचा चौकोनी शिक्का उमटवला.

माझ्यावर काचेचा मुलामा नाही. मी उघड्या अंगाची आहे, म्हणून माझ्यात केलेल्या चहाचा थोडा अंश मी ठेवून घेते. जाणकार माणसं माझ्यासारखीत एकाच जातीचा चहा करतात आणि तिला साबण लावत नाहीत.

कष्ट

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत मिस्टर शू नावाचे म्हातारे व्यापारी राहतात. ते दर वसंतात चीनमधल्या वूयी डोंगरात जातात आणि कड्याकपारीत वाढलेला चहा निवडून आणतात. सपाटीवरचा चहा डोंगरातला म्हणून विकणारे तिथे पुष्कळ. मिस्टर शू फसत नाहीत, कारण पिढ्यान्‌पिढ्या चहा लावणारी काही घरं त्यांना ओळखतात आणि आपली खरी पानं त्यांच्यासाठी बाजूला ठेवतात.

नीलिमा त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आली. ती पुण्याची. इथे खाद्यपदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करायची. रिकामा पेला हुंगून ती पान किती भाजलंय ते सांगू लागली तेव्हा मिस्टर शूंनी तिला शिकवायला घेतलं. तिने नोकरी सोडली. मग एके दिवशी त्यांनी मला तिच्या हाती दिलं.

"घेऊन जा. रोज हिच्यात चहा कर," ते म्हणाले. "परत देशील तेव्हा मी हिला बघीन. हिला नीट सांभाळलंस तर येत्या वसंतात माझ्याबरोबर चल. त्या घरांशी तुझी ओळख करून देतो."

त्या ओळखीवरच तिचा चहाचा सगळा धंदा उभा राहणार होता.

कौतुक

पुढे नीलिमाचं नाव झालं. लोक बाजारात घेतलेल्या किटल्या तिला दाखवायला आणत. टार्निट उपनगरातून अजित नावाचा एक मित्र काळीभोर किटली घेऊन आला. तिने उकळतं पाणी ओतलं, झाकण उघडून हुंगलं आणि किटली त्याच्या नाकाशी धरली.

"कसला वास येतोय?"

"बुटाचा."

"पॉलिश आहे. म्हातारपण फासलंय हिला."

"अगं, पण विकणारा म्हणाला अँटिक आहे."

"मग काय म्हणेल, परवाच भाजली म्हणून?"

मग तिने मला पुढे केलं. माझ्या आत पट्ट्यांचे सांधे दाखवले. मला वाकडं करून झाकणावरच्या भोकावर बोट ठेवलं, तशी धार जागच्या जागी थांबली. "ही बघ, खरी," ती म्हणाली. मित्रांनो, मी फुशारले. मला वाटलं, हिच्या घरात खोट्याला जागा नाही.

राग

नीलिमाच्या सासूबाई, सोजरबाई, मुलाकडे राहायला आल्या होत्या. मराठी मंडळाच्या जेवणाला गेलेले डबे अदलाबदल होऊन परत येतात, हे पाहून त्यांनी मुलाला कोरायचं मशीन आणायला लावलं. पातेली झाली, डबे झाले, झारा झाला. नंतर त्यांनी मला पालथं केलं.

घर्रर्र.

मी ओरडू शकले असते तर ते स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असतं. माझ्या कारागिणीच्या शिक्क्याला खेटून त्यांनी अक्षरं कोरली. नीलिमा धावत आली तोवर काम झालं होतं.

"आई, ही आपली नाहीये."

"रोज तर तुझ्याच हातात असते. मग कुणाची?"

"मिस्टर शूंची. शनिवारी ते न्यायला येतायत."

"मग सांगायचं नाही का गं? उद्या मंडळात गेली असती तर कुणाच्या घरी पोचली असती, कळलंसुद्धा नसतं."

"किटली कोण नेतं मंडळात?"

"त्या मंडळातल्या लीनाचा कुकर गेला तिथनं. शिट्टीसकट." मग त्या जरा हळू म्हणाल्या, "आमच्याकडे भांड्यांवर आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग ह्यांचं. म्हटलं, ही तुझी आवडती आहे. हिच्यावर तुझंच घालू."

खरंच, माझ्या तळावर लिहिलं होतं: नीलिमा.

माझा राग थोडा उतरला. त्या बाईने मला शोभेची वस्तू नाही, घरचं भांडं मानलं होतं. चूक झाली होती, पण ती उघड्यावर होती.

आता खरा राग ऐका.

शनिवारी सकाळी नीलिमाने दुसऱ्या एका फुटक्या किटलीचा तुकडा कुटून त्याची भुकटी केली, डिंकात कालवली आणि आपल्याच नावाच्या खाचांत भरली. वर बुटाचं पॉलिश घासलं. तिने. अजितला वास ओळखायला शिकवणारीने. माझ्या अंगावर.

"काय लावतेयस गं?" सोजरबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. थोडी डागडुजी."

शनिवार

मिस्टर शू बसले. त्यांनी मला बशीत ठेवून वरून उकळतं पाणी सोडलं. चहा करण्याआधी ते नेहमीच तसं करतात. बशीत तपकिरी ओघळ आला. त्यांनी मला उचललं, हुंगलं, पालथं केलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"माझ्या सासूबाईंनी अक्षरं कोरली. त्यांना माहीत नव्हतं."

"मी अक्षरांचं विचारत नाही."

सोजरबाई दारात उभ्या होत्या. "रागावलेत ना? सांग त्यांना, म्हातारीने केलं. माझ्यावर ढकल आणि मोकळी हो."

ढकलणं सोपं होतं. मराठी मिस्टर शूंना कळत नव्हतं आणि इंग्रजी सासूबाईंना.

"लेप मी लावला," नीलिमा म्हणाली. आधी इंग्रजीत, मग सासूबाईंसाठी मराठीत.

"स्वतःचं नाव बुजवलंस होय," सोजरबाई एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मिस्टर शूंनी मला फडक्यात गुंडाळलं. "या वसंतात मी एकटाच जाईन," ते म्हणाले.

विनंती

मित्रांनो, भांडं हातून खरचटलं, फुटलं, तर तसं सांगा. आम्हाला ओरखड्यांची लाज वाटत नाही. तुम्ही आमच्यावर फासलेल्या खोटेपणाची वाटते, कारण तो वास आमच्या अंगात मुरतो आणि तुम्ही हात धुऊन मोकळे होता.

रिवाजाप्रमाणे मी इथे थांबायला हवं. पण अजून थोडं आहे.

मिस्टर शूंनी बांबूच्या काडीने आणि गरम पाण्याने लेप काढला. नाव तसंच ठेवलं. नीलिमा दर रविवारी त्यांच्याकडे येते. ते तिला मला हात लावू देत नाहीत, पेले धुवायला देतात. परवा एक जुना पेला नळाला आपटून त्याचा टवका उडाला. मिस्टर शू बाहेरच्या खोलीत होते. कचऱ्याचा डबा तिच्या पायाशीच होता. ती पेला आणि टवका दोन्ही घेऊन त्यांच्यासमोर गेली.

"माझ्या हातून झालं."

त्यांनी टवका बोटात धरून उजेडात पाहिला, बाजूला ठेवला आणि पाणी उकळायला लावलं. मग मला फळीवरून काढून तिच्यासमोर ठेवलं.

माझा राग अजून गेलेला नाही. पण तिने ओतलेली धार मी कुठेही सांडू दिली नाही.