खिळ्यावरची डबी

मी डबी बोलतेय. मसाल्याची नव्हे, रंगाऱ्याच्या मास्कच्या उजव्या गालावर बसते ती. माझ्या पोटात कोळशाचे दाणे आहेत. थिनरची वाफ आली की ते ती धरून ठेवतात आणि स्वच्छ हवा तेवढी आत सोडतात. डाव्या गालावर माझी जुळी बहीण असते.

आमचा मालक फर्निचरला स्प्रेने रंग देतो. नव्याचे नऊ दिवस त्याने आम्हाला पिशवीत घालून जपलं. मग काम संपलं की मास्क खिळ्यावर टांगून घरी जाऊ लागला. खिळा नेमका थिनरच्या डब्यांच्या वर.

माणसांना वाटतं, नाकावर नसलो की आम्ही सुट्टीवर. कसली सुट्टी! उघड्यावर ठेवलं की येईल ते पोटात जातं. मालक जेवायचा, झोपायचा, एकदा मेहुणीकडे चार दिवस राहून आला. तेव्हाही मी थिनर खातच होते. शेवटी पोट भरलं. पण ते मी सांगणार कुणाला?

मालकाची कसोटी एकच. "वास येत नाही ना? मग चांगली आहे." रोज दुपारी डोकं धरून बसायचा आणि दोष उन्हाला द्यायचा. मला त्याची फार काळजी वाटे.

एकदा त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. तिने गंमत म्हणून मास्क लावला आणि लगेच ओढून काढला.

"अहो, ह्यातून सरळ थिनरच येतंय!"

"काहीतरीच. मला नाही येत."

"डोळे मिटा बघू." तिने थिनरचा डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला. "हं, कसला वास येतोय?"

"अगं, आधी उघड तरी," तो म्हणाला.

त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत. थेट डॉक्टरकडे गेले.

आता नवा मास्क आलाय. काम झालं की तो घट्ट झाकणाच्या डब्यात, थिनरपासून लांब, दुसऱ्या खोलीत जातो. मास्कच्या डब्यांवर तारीख आणि वापरलेले तास बायको लिहिते. तास भरले की नव्या डब्या. नाकाला कुणी विचारत नाही.

आम्हाला जुन्या मास्कसकट कचऱ्याच्या बादलीत टाकलं. तक्रार नव्हती. पण दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मालकाचे सासरे आले, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "नवा कोरा आहे की! ह्या मुलांना वस्तूची किंमतच नाही."

आता मी त्यांच्या टेबलाच्या खणात आहे. रविवारी ते कपाट रंगवणार आहेत. टाकण्याआधी माझ्या अंगावर कुणी एक मोठी फुली मारली असती तर फार बरं झालं असतं. तुम्ही तरी मारत जा.

सासऱ्यांचं नाक अजून शाबूत आहे म्हणतात. माझी सगळी भिस्त आता त्या नाकावर आहे.