ओढली की सुटणारी माळ

माळ सुटावी म्हणून जिवाचा आटापिटा करणारी बाई जगात हीच एक असेल, असं तिचा नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "बाकीचे लोक वस्तू टिकाऊ करतात, आमच्याकडे उलटी गंगा," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. तीही ते हसण्यावारी न्यायची.

ती लहान मुलींसाठी मण्यांच्या माळा करायची. लाकडी मणी, काचेचे मणी, मधूनच एखादा चपटा मासा नाहीतर पान. रंगांची निवड तिचीच असायची. जांभळ्याशेजारी शेवाळी, पिवळ्याशेजारी राखाडी, बाजारात दिसत नाहीत अशा जोड्या. प्रत्येक दोन मण्यांमध्ये एक गाठ, म्हणजे माळ सुटली तरी मणी घरंगळून कुणा पोराच्या तोंडात जायला नको. आणि मानेमागे खटक्याचा फासा. दोन तुकडे एकमेकांत दाबून बसवायचे; झटका बसला की खट्कन सुटायचे. माळ तयार झाली की ती स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवायची आणि तिला मिठाची पुडी लटकवायची. पुडीच्या वजनाने फासा सुटला तर माळ पास. नाही सुटला तर फासा काढून दुसरा.

हे खूळ कुठून आलं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तिचं पिल्लू रांगत होतं तेव्हा त्याच्या टोपीची नाडी खुर्चीच्या दांडीत अडकली होती. ती हाताच्या अंतरावर बसून फोनवर बोलत होती. वळून बघितलं तर पोराचं तोंड जांभळं. नाडी सोडवली, पोर रडलं, दूध प्यायलं आणि झोपलं. त्याला काही झालं नाही. जे व्हायचं ते हिला झालं. तेव्हापासून तिची नजर आधी मुलांच्या मानेकडे जायची आणि मग तोंडाकडे.

माळा विकायच्या कुठे, हा प्रश्न नणंदेने सोडवला. नणंद, म्हणजे घरातली चिंगी, कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानात काम करायची. तिने दुकानवाल्या काकूंकडून एक फळी मिळवली. प्रत्येक माळेला पुठ्ठ्याचं छोटं कार्ड, त्यावर 'पिल्लूची आई' एवढंच. हे नाव चिंगीलाच सुचलं होतं, आणि नाव चाललंही.

त्या संध्याकाळी बागेत पिल्लू वाळूत खड्डा खणत होतं. घसरगुंडीवर एक मुलगी चढली, तिच्या गळ्यात आपली शेवाळी-जांभळी माळ ओळखून हिला आतून गुदगुल्या झाल्या. मुलगी वर बसली, घसरली आणि मध्येच थांबली. कडेच्या लोखंडी पट्टीचा एक बोल्ट वर आला होता, त्यात माळ अडकली होती.

इतर कुठलीही वस्तू असती तर ही धावली असती. एरवी कुणी जिन्यावर ठेचकाळलं तरी धावणारी ही बाई, पण ती जागची हलली नाही. तिला खात्री होती. सुटेल. आता सुटेल. माझीच माळ आहे.

माळ सुटली नाही. मुलीचे पाय खाली, हनुवटी वर, आणि हात हवेत काहीतरी शोधत होते. तिच्या बापाने खालून दोन ढांगांत वर चढून तिला उचललं आणि माळ बोल्टवरून काढली. मुलगी खोकली, मग तिने भोकाड पसरलं. मानेवर मणी आणि गाठी ओळीने उमटल्या होत्या.

"कोण आहे ती पिल्लूची आई, तिला आधी शोधून काढतो," बाप ओरडला. "मुलांचे जीव घ्यायला बसलीय."

"मीच," ती म्हणाली. "माळ दाखवा जरा."

मानेमागे तिचा फासा नव्हताच. तिथे पितळी फिरकीचा फासा होता, आणि त्यावर बारीक तार दोनदा पिळून घट्ट केलेली.

"हा फासा माझा नाही."

"वा! माळ तुमची आणि फासा शेजाऱ्यांचा?"

"मी असा कधीच लावत नाही. माझा ओढला की सुटतो."

"मग सुटला का नाही?" त्याने माळ तिच्या हातावर आपटली. "घ्या. तुमचं कौतुक तुमच्याकडेच राहू द्या."

आजूबाजूच्या आया बघत होत्या. त्यातली एक दुसरीच्या कानाला लागली. हिने पिल्लूला वाळूसकट कमरेवर घेतलं आणि तडक दुकान गाठलं.

फळीवरच्या सगळ्या माळा तिने एकेक उलटून पाहिल्या. प्रत्येकीला फिरकी, प्रत्येकीला तार. वर काकूंच्या ठसठशीत अक्षरात पाटी: 'आता अधिक मजबूत!'

"अगं ये ये," काकू गल्ल्यामागून म्हणाल्या. "तुझा माल बघ कसा उचलला जातोय."

"हे फासे कुणी बदलले?"

"बदलावेच लागले गं. रोज कुणीतरी माळ हातात घेऊन दारात. उघडते, पडते, हरवते. तुझं काम देखणं, पण शेपूट कच्चं."

"शेपूट मुद्दाम कच्चं आहे, काकू!"

"मुद्दाम कच्चं कोण करतं बाई? मी इतकी वर्षं दुकान चालवते, असं पहिल्यांदाच ऐकते."

आत खोकी रचत असलेली चिंगी बाहेर आली. तिच्या खिशातून छोट्या पकडीचं टोक डोकावत होतं. ते बघून हिला सगळं समजलं, पण चिंगीच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वहिनी, मीच बदलले," चिंगी म्हणाली. "ओरडू नकोस. लोक तुला नावं ठेवत होते. एक बाई तर म्हणाली, घरात बसून केलेलं काम असंच असायचं. माझ्या तोंडावर! तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस."

"पण मी तुला सांगितलं होतं ना, ती का सुटते ते? खुंटीसमोर उभं करून दाखवलं होतं."

"हो. पण मला वाटलं..." चिंगीने काकूंकडे बघितलं, मग जमिनीकडे. "तुझं असतंच ना काहीतरी."

तुझं असतंच काहीतरी! बापाचं ओरडणं तिने ऐकून घेतलं होतं, बायांची कुजबूज सोसली होती, पण हे वाक्य सुरीसारखं आत गेलं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावला, तुझं असतंच काहीतरी. औषधांच्या कपाटाला कुलूप, खिडकीसमोरची खुर्ची दूर, तुझं असतंच. घरच्यांनी तिच्या सगळ्या काळज्यांचं एक गाठोडं बांधून माळ्यावर टाकलं होतं, आणि त्या गाठोड्यात तिची विद्याही टाकली होती. तो फासा शोधायला तिने किती फासे मोडले होते! ते कुणी बघितलंच नव्हतं. बघितली फक्त घाबरट बाई. चिंगीने वाईट बुद्धीने केलं असतं तर बरं झालं असतं. वैऱ्याशी भांडणं सोपं. चिंगीने तर मायेने केलं होतं. रोज घरी येऊन पिल्लूला कडेवर घेऊन, वहिनीच्या हातचा चहा पिऊन, एक अक्षर न बोलता.

तिने बागेतली माळ गल्ल्यावर ठेवली आणि काय घडलं ते सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. तो चढलाच.

चिंगीचा चेहरा उतरला. तिने तोंडावर हात ठेवला.

"पण मुलगी बरी आहे ना?" काकूंनी विचारलं. "मग झालं तर."

"झालं तर? तिचा बाप जवळ होता म्हणून झालं तर! नसता तर?"

"हे बघ, बोल्टची चूक, बागवाल्यांची चूक..."

"आणि माझं नाव!" तिने फळीवरच्या माळा ओढून पिशवीत कोंबायला सुरुवात केली. पिल्लू टाळ्या पिटायला लागलं. त्याला वाटलं खेळ आहे. "ज्यांनी ज्यांनी नेल्या त्या सगळ्यांना फोन करायचा. आत्ता."

"काय सांगू? आम्ही धोक्याचा माल विकला? त्यापेक्षा दुकानाला टाळं लावते."

"ठीक आहे. मग मीच दारात उभी राहून सांगते. पिल्लूला जेवायला हाक मारते तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, तुमचं दुकान तर रस्त्यावरच आहे."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. ही खरंच ओरडणार हे त्यांना दिसलं. त्या काही म्हणणार तेवढ्यात चिंगीने गल्ल्यावरचा फोन ओढून घेतला आणि गिऱ्हाइकांच्या वहीतले नंबर उभ्यानेच फिरवायला लागली. "मी दुकानातून बोलतेय. ती मण्यांची माळ मुलीच्या गळ्यातून आधी काढा. हो, आत्ताच. फासा मी चुकीचा लावलाय. मी. पिल्लूच्या आईने नाही." दरवेळी 'मी' म्हणताना तिचा आवाज कापायचा, तरी ती म्हणायची. काकू पाठ करून उगाच फुलदाण्या पुसत राहिल्या.

बहुतेकांनी माळ आणून देतो म्हटलं. एका आजीबाईंनी मात्र पुरतं न ऐकताच फोन ठेवला. त्या समोरच्याच इमारतीत राहायच्या. "चल, माझे काढून ठेवलेले फासे घे," एवढंच ही म्हणाली. तिघं रस्ता ओलांडून गेली.

आजींनी साखळी न काढताच फटीतून बघितलं. मागे नात, गळ्यात माळ.

"परत बिरत काही देणार नाही. आधीची सारखी सुटायची. ही कशी छान बसलीय, झोपतानाही काढत नाही."

झोपतानाही! "आजी, परत नको. फक्त फासा बदलून देते. इथेच, तुमच्यासमोर."

"मणी तेवढेच राहिले पाहिजेत हं," म्हणत आजींनी साखळी काढली.

चिंगीने गुडघ्यावर बसून तार कापली. फिरकी काढताना तिची बोटं घसरत होती; हिने मदत केली नाही. मग हिने आपला फासा लावला, माळ मुलीच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "आजी, ओढा."

"मी?"

"तुम्हीच. पकडून जरा जोराने."

आजींनी ओढली. खट्.

"बघा! सुटली!" आजी विजयाने म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं मी? कुचकामी!"

"हो! सुटली!" ती जवळजवळ किंचाळली. "सुटलीच पाहिजे! त्या पलंगाच्या दांड्याला अडकली, दाराच्या मुठीला अडकली, तर मग..." मुलगी वर बघत होती. पुढचं हिने गिळलं.

आजींच्या हातात माळ तशीच लोंबत राहिली. त्यांनी पलंगाकडे बघितलं, मग नातीच्या मानेकडे. "पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा ओढली, यावेळी बाजूने. मग खालून, पडणाऱ्या पोराच्या झटक्यासारखी. दरवेळी सुटली. नातीला मजा वाटून ती खिदळायला लागली.

"हं," आजी म्हणाल्या. "दोन फासे जास्तीचे देऊन जा. हरवतात मेले."

जिन्यात चिंगीने पिल्लूला घ्यायला हात पुढे केले. हिने त्याला दुसऱ्या कमरेवर घेतलं.

"वहिनी, चुकलं माझं. बोल तरी काहीतरी."

"पिशवीतल्या सगळ्या माळांना माझे फासे लावायचे. लावून झाले की एकेक माळ तू स्वतःच्या गळ्यात घालायचीस आणि मी ओढायची. सुटली तर विकायला ठेवायची."

"आणि नाही सुटली तर?"

"तर मी ओढतच राहीन."

चिंगीने मान हलवली. हसायचं की नाही ते तिला कळेना, आणि हिने ते सांगितलंही नाही. रस्ता ओलांडून हिने दुकानाचं दार खांद्याने ढकललं, 'आता अधिक मजबूत'ची पाटी भिंतीवरून ओरबाडून काढली आणि काकूंना म्हणाली, "एक खुर्ची द्या. उशीर होणार आहे."