साउंडवाल्या ताई

माईकसमोर उभं राहून बाप "हॅलो, चेक" म्हणाला आणि तिने सवयीने त्याच्या आवाजातली खरखर काढून टाकली. मग स्वतःवरच चिडून ती होती तशी ठेवली. आज याला सावरायचं नाही, असं ती ठरवूनच आली होती.

ती पाळण्यात असताना तो गाण्यापायी घर सोडून गेला होता. तिला तो ठाऊक होता पोस्टरवरूनच. साउंडचं हे काम आलं तेव्हा नाही म्हणता आलं असतं. पण आपल्याला ओळखतो का, तेही बघायचं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, अंगठा उंचावला आणि आवाज वाढवायला सांगितलं.

कलामेळा रंगात आला होता. गवतावर अनवाणी माणसं डोळे मिटून डुलत होती, गालांवर फुलं रंगवून घेत होती, दिसेल त्याला मिठ्या मारत होती. मुक्त म्हणे! असल्या मुक्त माणसांची उष्टी मागे कोण काढतं, ते तिने आईच्या हातांवर पाहिलं होतं.

संध्याकाळी तो गायला बसला. आधी गहिवरून सांगितलं, की ही अंगाई तो आपल्या सोनुलीला रोज थोपटताना म्हणायचा. एका बाईने डोळे टिपले. त्याने तिला कधी मांडीवरही घेतलं नव्हतं, असं आई सांगायची. धादांत खोटं, आणि वर इतकं लाडिक. तिला त्याची किळस आली.

दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. पडू दे उघडा एकदाचा, असं तिच्या मनात आलं खरं, पण तोवर बोटं पुढे सरकली होती. तिने घुमारा थोडा वाढवला, साथीची बासरी वर घेतली आणि फाटलेलं सगळं झाकलं गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आता तिला स्वतःच्या हातांचीही शिसारी आली.

तो उतरून थेट तिच्यापाशी आला.

"वाचवलंत, ताई. हल्ली वरचा सूर दगा देतो. नाव काय तुमचं?"

तिने सांगितलं. वायर गुंडाळणारे तिचे हात थांबले.

"वेगळंच आहे की. कुणी ठेवलं?"

"वडिलांनी."

"रसिक माणूस असणार," तो म्हणाला आणि फोटोसाठी थांबलेल्या मुलींकडे वळला.