तबक

"बिरुदेव, तबक जरा वर धरा. साहेबांना नारळ दिसत नाहीये," लॅपटॉपपाशी बसलेल्या वैदेही मॅडम म्हणाल्या.

बिरुदेवाने तबक वर धरलं. मासिक सभेत निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ द्यायची कचेरीची रीत होती, आणि तबक धरायचं काम तीस वर्षं शिपाई म्हणून त्याचंच. आज सत्कार त्याचा होता, तरी तबक त्याच्याच हातात होतं. सभा आता ऑनलाइन व्हायची. जिल्हाभरातले अकरा अधिकारी भिंतीवरच्या पडद्यावर चौकटीचौकटीत बसले होते, साहेब पुण्याहून बोलत होते. कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही बिरुदेवाने सकाळी सगळ्या खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या.

दाराशी त्याची बायको बनाबाई उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. भरल्या सभेत साहेब स्वतःच्या हातानं शाल घालतील, असं तो तिला किती वर्षं सांगत आला होता. त्यासाठीच ती गावाहून पहिल्या एसटीनं आली होती. आता तिच्याकडे बघायचाही त्याला धीर होत नव्हता.

साहेब चार चांगले शब्द बोलले, आणि मग गाडी अडली. शाल घालायची कुणी? वैदेही मॅडम उठायला लागल्या, तेवढ्यात पडद्यावरून टेंभुर्णीच्या शकुंतला मॅडमनी विचारलं, "मागं उभ्यात त्या तुमच्या घरच्या का? मग त्यांच्या हातनं होऊ द्या की."

बनाबाई पदर सावरत पुढं आली. तिनं शाल उलगडून त्याच्या खांद्यावर नीट बसवली, आणि रोज घरातून निघताना करायची तशी त्याची टोपी सरळ केली. पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते, पण आवाज काही येत नव्हता. बिरुदेवाचे डोळे भरून आले.

"लई मानसं हायती की," बनाबाई पडद्याकडे बघत म्हणाली.

सभा संपली, वैदेही मॅडम लॅपटॉप घेऊन गेल्या. बनाबाई नको नको म्हणत असताना त्याने तिला साहेबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसवलं आणि चहा टाकला. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला आलं घालून, अकराही जणांचं त्याला तोंडपाठ होतं. साखरेचा डबा उघडला आणि त्याचा हात थांबला. त्याला मनातून फार वाईट वाटलं.

दारात येऊन त्याने हळूच विचारलं, "तुला साखर किती लागती गं?"

"घाला तुमी," ती म्हणाली. "तुमच्या हातचा पयल्यांदाच पिनार हाय."

त्याने दोन चमचे घातले, कप त्याच तबकात ठेवला, आणि खांद्यावरची शाल सांभाळत तिच्याकडे निघाला.