नंबर चालू आहे

सर्वेशने पिन खुपसली तसा गौरेशच्या फोनच्या कुशीतून ट्रे बाहेर आला. त्यावरची नखाएवढी चिप चिमटीत धरून त्याने देवकीच्या डोळ्यांसमोर नाचवली.

“बघ मावशे, तुझो अख्खो झील ह्याच्यात आसा. खाली पडलो तर केराबरोबर जातलो.”

“बडबड पुरे,” गौरेश म्हणाला. “घाल ती आयेच्या फोनात.”

पेडण्याच्या बाजारात बस स्टँडमागे सर्वेशचं दुकान. फोन, रिचार्ज, झेरॉक्स, सरकारी फॉर्म, सगळं एकाच काउंटरवर. बाहेरगावी जाणारा आधी देवळात नारळ ठेवायचा आणि मग इथे यायचा. गौरेश परवा डब्लिनला निघणार होता, एका गोदामात खोकी उचलायला. त्यासाठी पोर्तुगीज पासपोर्ट लागला, आणि त्या पासपोर्टासाठी देवकीच्या नवऱ्याला, म्हणजे मरून सहा वर्षं झालेल्या माणसाला, लिस्बनच्या दप्तरात जन्म घ्यावा लागला. पोर्तुगीज अमलात हळर्ण गावात जन्मला, हळर्णात राबला, हळर्णात जळला तो माणूस. पण मुलाच्या उपयोगी पडला तो लिस्बनमध्ये.

गौरेशने स्वतःसाठी नवा फोन घेतला. त्यात आयर्लंडचा प्लॅन, विमानातून उतरल्याबरोबर चालू होणारा. तिथला नंबर वेगळा. पण बारा वर्षांचा इथला नंबर मरू द्यायचा नव्हता. बँक त्याच्यावर, गॅस त्याच्यावर, विम्याचा हप्ता त्याच्यावर. परदेशात तो चालू ठेवायचा तर पॅक महाग पडे. म्हणून चिप आईकडे; तिच्या फोनात दुसरं सिम नव्हतं.

“आये, आयक नीट. मी फोन करतलंय. त्याच वेळार हय मेसेज येतलो. त्यातले सहा आकडे वाचून सांगायचे. बस.”

“आणि बाकीचा काय लिवलेला असता?”

“ता तुका कित्याक? इंग्लिश आसा.”

देवकी चौथी शिकलेली. इंग्रजी आकडे तिने बसच्या पाट्यांवरून शिकून घेतले होते. सर्वेशने कागदावर सहा आकडे लिहून तिची परीक्षा घेतली. तिने एकेक नीट वाचला. सर्वेशने टाळी वाजवली आणि गौरेश हसला. निघायच्या आधी तो आईकडे बघून हसला तो तेवढाच.

तो गेला.

मग फोन येऊ लागले. दुपारी, जेवणं आटोपल्यावर. तिथे तेव्हा सकाळ असायची. हातातलं टाकून देवकी जनेलाच्या गजांपाशी येऊन उभी राहायची, कारण घरात रेंज तेवढ्याच जागी.

“आये, इलो?”

“इलो. थांब. चार... नऊ... नऊच काय रे? हो, नऊ. तू जेवलंस?”

“पुढचो सांग गो.”

“थंड खूप आसा मा थंय?”

“आये, आकडो!”

सहावा आकडा सांगून झाला की फोन बंद. शेजारच्या मालतीला ती सांगायची, झील रोज फोन करतो. मालतीच्या दोन्ही मुली पणजीला, त्या महिन्यातून एकदा करत. मालती म्हणायची, नशीब काढलंस बाई. देवकी ऐकून घ्यायची. फोन आकड्यांसाठी येतो हे तिने कोणाला सांगितलं नाही. आकडे नसतील त्या आठवड्यात फोनही नसायचा.

दर अठ्ठावीस दिवसांनी रिचार्ज. मार्चमध्ये काजूचा हंगाम ऐन भरात असताना ती दुपारची बस पकडून पेडण्याला गेली. अंगाला बोंडांचा आंबूस वास, नखांत काळं. सर्वेशने तिचा फोन हातात घेऊन रिचार्ज मारला आणि तेवढ्यात मेसेज वाजला. त्याची नजर सहज त्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“मावशे, तू खंय सय करूक गेल्लंस?”

“कसली सय?”

“ह्यो बँकेचो न्हय. ह्यो तुझ्या आधाराचो मेसेज.”

तिला समजेना. आधार कार्ड काढलं तेव्हा घरात फोन एकच होता, गौरेशचा. बापाचं, आईचं, त्याचं, सगळ्यांची कार्डं त्याच एका नंबरला जोडलेली. सर्वेशने काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगितलं. कोणीतरी संगणकावर एक दस्तऐवज चढवलाय. हे सहा आकडे तिथे भरले की त्याच्यावर तिची सही झाली. पेन नको, अंगठा नको, माणूस समोर नको.

“कसलो दस्तऐवज?”

“ता ह्यात लिवलेला नाय.” तो काउंटरची काच पुसू लागला. काच स्वच्छ होती. “पण तुमच्या भाटात गेल्या म्हयन्यात टेप लावून मोजणी झाली. दिल्लीची गाडी होती. दलाल माझ्याकडेच झेरॉक्स मारूक इल्लो. माका वाटला, तुका ठावक आसा.”

घरामागचं काजूचं भाट, डोंगरावरची बाग. मोप्याला विमानतळ झाल्यापासून आसपासचे डोंगर असे विकले जात होते जसे पोदेराकडचे पाव. सकाळी घ्यायला जावं तर संपलेले. मोजणीवाले दिसले तेव्हा ती समजली की वीजखात्याचे. तिने त्यांना पाणीसुद्धा दिलं होतं.

फोन वाजला.

“आये, नंबर इलो?”

“इलो.”

“सांग बेगीन.”

“कसलो रे ह्यो नंबर?”

“बँकेचो गो. नेहमीचो.”

सर्वेश पाठ फिरवून रॅकवरची कव्हरं लावत होता, पण त्याचे हात हलत नव्हते.

“गौरेश, तू जेवलंस?”

“आये, दोन मिनटांत बंद पडता ता! मगे जेवतंय!”

“मगे आधी जेव जा,” देवकी म्हणाली आणि तिने फोन कानापासून काढला. बंद कुठून करायचा ते तिला ठाऊक नव्हतं. आजवर तो नेहमी तिकडूनच बंद व्हायचा. सर्वेशने बोट पुढे करून लाल खूण दाबली.

त्या संध्याकाळी गौरेशने पुन्हा फोन केला. आकडा मागितला नाही. खोटंही बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

“एका खोलीत सहा जण रवतंव, आये. पाळीपाळीन निजतंव. किती दिवस असा काडू? थंय काय आसा त्या भाटात? बोंडां कुसतत. तू किती वर्सां वेचतली?”

“हात चलतत तोपर्यंत.”

“आणि मगे?”

“मगे तू ये.”

“मी येवचंय नाय.”

आवाज न चढवता म्हणाला, उद्या बस नाही असं सांगावं तसा. देवकीला ते लिस्बनचा कागद आला त्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानावर पडणं वेगळं.

“अर्दा माझा आसा,” ती म्हणाली. “गोंयचो कायदोच तसो. तुझ्या बापाशीन बांधलेला नि मी शिंपलेला. पयली पाच वर्सां कळशी डोक्यार घेवन चडलंय त्या डोंगरार.”

“म्हणानच तुझी सय जाय. तिच्याशिवाय इकूक येणा नाय.”

“जाय तर ये नि माग. हय माझ्या समोर बस नि माग. मी देतलंय काय नाय, ता मगे बघूया. पण थंयसून माझी सय काडून नेव नको.”

 पलीकडे कोणीतरी परक्या भाषेत हसत होतं. मग फोन बंद झाला.

अकरा दिवस काही आलं नाही. बाराव्या दिवशी जनेलापाशीसुद्धा रेंज नव्हती. वरच्या कोपऱ्यातल्या काठ्या गेलेल्या. देवकीने फोन पदराला पुसला, बंद करून चालू केला, अंगणात नेला, भाटात वरपर्यंत नेला. मग बस धरून पेडण्याला आली.

“रिचार्ज संपलो काय बघ रे.”

“आताच मारलो गो.” सर्वेशने चिप काढून पुन्हा बसवली, दुसऱ्या फोनात घालून बघितली. मग स्वतःचा फोन उचलून तिच्या फोनातला नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला.

पलीकडे घंटी गेली. एक लांब, अनोळखी टूं, मग शांतता, मग पुन्हा टूं. काउंटरवर पडलेला देवकीचा फोन गप्प होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, आता वाजेल म्हणून.

“हॅलो, येस?” गौरेशचा आवाज आला.

सर्वेशने झटकन फोन कापला.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, कव्हर विचारत. सर्वेशने त्याला हाताने थांबवलं.

“नंबर चालू आसा, मावशे. तुझ्याकडे नाय इतक्याच. सिम पयलीपासून त्याच्या नावार. पयली माका फोन केल्लो त्याणा, नंबर थंय फिरवूक, मी नाय म्हटलंय. मगे थंयसूनच कंपनीक कळवलां असतला, सिम हरवला म्हणान. आता चिपसुद्धा लागना नाय. नंबर सरळ त्याच्या फोनात.”

“हरवला म्हणान?”

“तसाच सांगूचा लागता.”

“हय तर आसा,” देवकी म्हणाली आणि काउंटरवरची चिप उचलून तळहातावर ठेवली. “माझ्याकडे आसा मा ह्या. हरवला खंय?”

सर्वेशने गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं.

देवकीने विचारलं, “म्हणजे आता ते आकडे त्याकाच येतले. माझ्या सयचे.”

“हो.”

“माका विचारल्याशिवाय.”

“हो, मावशे.”

“आधारावरचो नंबर बदलूक खंय जावचा?”

सर्वेशने नवं सिम तिच्या नावाने काढून दिलं. अंगठा घ्यायचा होता, पण यंत्रावर तीनदा टेकवूनही उठला नाही. शेवटी त्याने तिचा फोटो काढला आणि त्यावर काम झालं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून तो तिला स्कूटरवर आधार केंद्रात सोडून आला.

केंद्रात एक तरुण मुलगी होती, मनीषा नावाची. तिने देवकीचे हात पालथे-उताणे करून बघितले. काजूच्या चिकाने बोटांच्या टोकांची कातडी सोलवटून गुळगुळीत झाली होती. दहातलं एकही बोट यंत्राने ओळखलं नाही.

“आजी, बोटां गेलीत तुमची,” मनीषा म्हणाली. “हंगामात सगळ्या बायकांचा असाच. डोळ्यांवर करूया.”

तिने दुर्बिणीसारखं एक यंत्र पुढे सरकवलं.

“ह्यात बघा. हलू नका. पापणी लवू देऊ नका.”

देवकीने यंत्र दोन्ही हातांनी धरलं आणि आत बघितलं. काळोख होता आणि मधोमध एक तांबडा ठिपका.

“नंबर बदलूक किती दिवस लागतत गो?”

“आठ-दहा तरी. कधी जास्तसुद्धा. घाई आसा काय?”

“बघ तू.”

यंत्र टुकटुकलं. मनीषाने पडद्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. पुन्हा लावलं. पुन्हा नाही.

“आजी, रडू नका मा. पाणी इला की घेणा नाय ता.”

“रडनंय नाय,” देवकी म्हणाली. डोळे तिने तसेच, सताड उघडे, यंत्राला लावून ठेवले होते. “तू घे.”